येतो म्हणावं

दादानं हिशेब मांडला तो एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर. पाकीट उसवून सपाट केलं, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'तिकडे' आणि उजवीकडे 'इकडे'. 'तिकडे'च्या खाली फी, राहणं, खाणं, विमान, व्हिसा, विमा आणि सगळ्यात शेवटी 'अडीअडचण'. 'इकडे'च्या खाली फी, हॉस्टेल आणि 'शनिवारी घरी'. 'शनिवारी घरी'समोर आकडा नव्हता, पण त्याखाली त्यानं दोनदा रेघ ओढली होती. इकडची बेरीज तिकडच्या निम्म्याच्याही आत बसत होती.

"डिग्री तीच ना?" भाचीनं विचारलं.

"तीच. नाव तेच, शिक्का तोच. फक्त शाखा इथली."

"इथली म्हणजे कुठली?"

"नवी मुंबई. नव्या विमानतळाच्या बाजूला."

"म्हणजे बाबा, मी परदेशी शिकायला पनवेलला जाणार."

वहिनी ओट्याशी होती. मोहरी तडतडली म्हणून तिचं हसू ऐकू आलं नाही, पण खांदे हललेले दिसले. दादानं पाकिटाची घडी घालून खिशात टाकली. मला म्हणाला, "तू सांग हिला काहीतरी." आत्याला अशा वेळी मत विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. मानायची नाही.

बातमी तशी जुनी झाली आता. जून २०२५ मध्ये मुंबईत कार्यक्रम झाला, केंद्रीय शिक्षणमंत्री आणि मुख्यमंत्री हजर होते, आणि पाच परदेशी संस्थांना इथे शाखा काढायची इरादापत्रं दिली गेली. यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, शिकागोचं इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन शिकवणारी संस्था. ब्रिस्टलचं नावही मुंबईसाठीच. त्याच्या आधी गुजरातेत गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग ही दोन ऑस्ट्रेलियन विद्यापीठं २०२४ मध्ये सुरू झाली होती, आणि साउदॅम्प्टननं ऑगस्ट २०२५ मध्ये गुरुग्रामच्या एका टेक पार्कात पहिली तुकडी बसवली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२३ चे. जगात पहिल्या पाचशेत असाल किंवा एखाद्या विषयात तुमचा विशेष दबदबा असेल तर या, स्वतःच्या नावानं या, प्रवेश कसे द्यायचे, फी किती घ्यायची ते तुम्हीच ठरवा.

आता पुण्याचं दुखणं. शंभर वर्षं नाही म्हटलं तरी बरीच वर्षं आम्ही स्वतःला पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणवून घेतो. रिक्षावालाही पाहुण्याला विद्यापीठ चौक दाखवताना ते सांगतो. आणि यादी आली तर तीत नवी मुंबई. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी चहा जरा जास्तच प्यायला गेला. एकानं शेवटी समजूत काढली, "अहो, ऑक्सफर्ड कुठे आलंय अजून? यॉर्क आलंय."

मला मात्र ती बातमी वाचून मंगलाष्टकं ऐकू यायला लागली. त्याचं कारण सांगते.

१९९९ साली मी एका परदेशी विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. म्हणजे निदान पावतीवर तरी तसं होतं. कर्वे रोडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमची 'इन्स्टिट्यूट' होती. पहिलं वर्ष इथे, दुसरं तिकडे नाहीतर तेही इथेच, आणि डिप्लोमा थेट इंग्लंडातून. या प्रकाराला तेव्हा ट्विनिंग म्हणत. कार्पेट होतं, एसी होता, भिंतीवर कोणत्या तरी दगडी इमारतीचं मोठं पोस्टर होतं. आणि मार्गशीर्षात, माघात, वैशाखात खालून सनई यायची. मार्केटिंगचे सर 'टार्गेट सेगमेंट' समजावत असताना खालून 'शुभमंगल सावधान' असा गजर व्हायचा आणि सर अक्षता पडेपर्यंत थांबायचे. वर्षभरात आम्ही ते 'सावधान' शंभरदा तरी ऐकलं असेल. ते आम्हाला उद्देशून आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या जुलैत दाराला कुलूप होतं. खालच्या मॅनेजरनं सांगितलं की तीन महिन्यांचं भाडं थकवून गेले. बाबांनी फंडातून पैसे काढले होते. माझ्याकडे उरलं पहिल्या वर्षाचं एक सर्टिफिकेट. जाड कागद, खाली सोनेरी उठावाचा शिक्का, हात फिरवला तर अजून बोटांना लागतो. पुढे एका नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी तोच शिक्का बोटानं चाचपला आणि विचारलं, "याला समकक्षता आहे का?" परदेशी शिक्षण इथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे असं प्रमाणपत्र तेव्हा भारतीय विद्यापीठ संघाकडून आणावं लागायचं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. ती नोकरी मिळाली नाही. मी नंतर मुकाट्यानं बाहेरून बीकॉम पूर्ण केलं, बँकेत लागले, आणि ते सर्टिफिकेट गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीखाली आहे.

त्या रात्री मी ते काढून भाचीला दाखवलं. तिनंही शिक्क्यावरून बोट फिरवलं. "भारी आहे गं," म्हणाली.

न्यायानं बोलायचं तर तेव्हाचं प्रकरण आणि आजचं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तेव्हा नाव भाड्यानं मिळायचं आणि विचारणारं कोणी नव्हतं. आता अशा फ्रँचायझीतून मिळालेल्या पदवीला आयोग समकक्षता देत नाही, २०२५ च्या नियमांत तसं स्पष्ट म्हटलंय. उलट मान्यता घेऊन आलेल्या शाखेची पदवी मूळ विद्यापीठाचीच धरली जाते, वेगळ्या समकक्षतेची गरज नाही. शाखा किंवा एखादा अभ्यासक्रम आयोगाला न विचारता बंद करता येणार नाही, आणि केलाच तर मुलांची सोय लावायची जबाबदारी मूळ विद्यापीठाची. माझ्या वेळी एवढं असतं तर बाबांचा फंड वाचला असता.

तरी कुलूप लागतं. मोठ्यांच्या दारालाही लागतं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठानं २००७ च्या मार्चमध्ये सिंगापूरला थाटात शाखा उघडली. स्वप्न पंधरा हजार विद्यार्थ्यांचं होतं, आले जेमतेम दीडशे, आणि पहिलं सत्र संपताच जूनमध्ये गाशा गुंडाळला. अमेरिकेच्या जॉर्ज मेसननं अमिरातीतल्या रस-अल-खैमाची शाखा २००९ मध्ये बंद केली, एकही तुकडी पदवी घेऊन बाहेर पडायच्या आत. मिशिगन स्टेटनं दुबईत २००८ ला दुकान मांडलं आणि २०१० मध्ये पदवीचे वर्ग थांबवले. जपानात तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन विद्यापीठांची रीघ लागली होती. गावोगावच्या नगरपालिका जमीन देत होत्या, इमारती बांधून देत होत्या. त्यातली बहुतेक दहा वर्षांत परतली. १९८२ पासून टोकियोत असलेलं टेम्पल विद्यापीठ मात्र टिकून राहिलं.

पैशानंच सगळं होतं असंही नाही. दोह्याच्या एज्युकेशन सिटीत कतार फाउंडेशन खर्च उचलतं, तरी टेक्सस ए अँड एमच्या नियामक मंडळानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ठराव करून तिथली २००३ पासूनची शाखा २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. येलचं नाव लावलेलं सिंगापूरचं कॉलेज चांगलं चाललं होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी मुलांना कळलं की ही शेवटची तुकडी. निर्णय कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कारणानं होतो. शाखेला त्यात मत नसतं, जसं आत्याला नसतं.

टिकलेल्याही पुष्कळ आहेत, हे लिहायलाच हवं. मोनॅश १९९८ पासून मलेशियात आहे. नॉटिंगहॅम २००० साली मलेशियात आणि २००४ मध्ये चीनच्या निंगबोत गेलं, आणि दोन्हीकडे त्यांनी आपल्या गावच्या ट्रेंट बिल्डिंगची, घड्याळाच्या मनोऱ्यासकट, नक्कल उभी केली. फोटो बघितला तेव्हा मला हसू आलं. मग वाटलं, हसायचं काय त्यात? कोकणातला माणूस मुंबईत आला की गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस लावतोच.

ही विद्यापीठं इकडे का येतात, हेही सरळ आहे. इंग्लंडात तिथल्या मुलांची फी २०१७ पासून पुढे आठ वर्षं ९,२५० पौंडांवर अडकून होती, महागाई मात्र अडकून राहिली नाही. भोक बुजवलं जायचं ते आपल्या आणि चीनच्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट फीनं. मग २०२४ च्या जानेवारीत ब्रिटननं बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार आणायला बंदी केली, त्याच महिन्यात कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. गिऱ्हाईक दाराशी येईना, तेव्हा हातगाडी गल्लीत आली. यात मला काही वावगं वाटत नाही. भाजीवाल्याचं आपण स्वागतच करतो. फक्त रोज येणार का, एवढं विचारून ठेवतो.

आणि हाच प्रश्न मला त्या नियमांच्या एका कलमापाशी घेऊन आला. परदेशातून नेमलेल्या प्राध्यापकानं भारतातल्या शाखेत किमान एक सत्र राहिलं पाहिजे, असं ते कलम म्हणतं. एक सत्र. म्हणजे जूनला आलेला माणूस दिवाळीचा फराळ खाऊन परत.

मला फर्ग्युसन आठवलं. तिथे मी शिकले नाही (गुण कमी पडले, आता सांगायला हरकत नाही), पण शाळेत असल्यापासून टेकडीवर जायचा रस्ता त्यांच्याच आवारातून. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, कॉलेज १८८५ चं. तिथे आजीव सदस्य ही चीज होती. तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायची प्रतिज्ञा करायची. गोखल्यांनी केली. रघुनाथ परांजप्यांनी केली, आणि केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, आल्यावर, तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप हातात असताना, ते परत आले. आले ते पुढं वीसेक वर्षं प्राचार्य म्हणून राहिले. केंब्रिजची शाखा पुण्यात काढायची तर ती अशी निघाली होती, एका माणसाच्या डोक्यातून आणि फारसा खर्च न होता.

त्यातली गंमत अशी की कागदोपत्री फर्ग्युसनही परक्याच विद्यापीठाला जोडलेलं होतं. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, आणि १८५७ चं ते विद्यापीठ बेतलेलं लंडन विद्यापीठावर. लंडननं तर १८५८ पासूनच जगात कुठेही बसून परीक्षा द्यायची मुभा दिली होती. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९४९ मध्ये. म्हणजे चौसष्ट वर्षं या गावात शिक्का बाहेरचा आणि शिकवणारे इथले असा कारभार चालला, आणि ज्या नावाचा आम्ही मिरवून मिरवून चोथा केला ते नाव त्याच काळात मिळवलेलं. शिक्का बाहेरचा असण्यानं गावाचं काही बिघडलं नव्हतं.

हे मी कट्ट्यावर बोलले तर शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी मला तिथेच थांबवलं. "मॅडम, एका सत्राला नावं ठेवताय? आपल्या कॉलेजांत आज शिकवतंय कोण? तासिका तत्त्वावरची पोरं. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्यात दोन, तासाप्रमाणे पैसे, तेही सहा महिन्यांनी. सुट्टी लागली की बेकार. त्यांना एक पूर्ण सत्राचा पगार मिळाला तर पेढे वाटतील ती." मी गप्प बसले. सोसायटीतली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी पीएचडी झालेली आहे, नेट-सेट आहे, आणि स्कूटरला दोन कॉलेजांची दोन पार्किंग स्टिकरं लावून फिरते. वीस वर्षांची प्रतिज्ञा करायला ती एका पायावर तयार आहे. कोणी घेईना.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. मी शाळेत होते तेव्हा तिथे सुदानचा एक विद्यार्थी राहायचा. त्या काळात पुण्यात इराण, सुदान, केनिया, येमेन, मॉरिशस, कुठकुठली मुलं असत. आजोबांना ते भाडेकरू प्रकरण अजिबात पसंत नव्हतं, पण खोलीचं भाडं आमच्या फीला लागायचं. तो पहिल्यांदा सुट्टीला निघाला तेव्हा जिन्यात उभा राहून आईला म्हणाला, "काकू, जातो." आई अशी काही किंचाळली की तो घाबरून बॅग टाकून उभाच. मग तिनं त्याला जिन्यातच शिकवलं. जातो म्हणू नये. येतो म्हणावं. तो सात वर्षं राहिला, आणि मंडईला निघाला तरी खालून ओरडायचा, "काकू, येतो!" वरणफळं त्याला आमच्यापेक्षा जास्त आवडायची.

पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेचा जन्मच अशा मुलांपायी झाला. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तर तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनं पडून होता आणि ती त्याला जेवण आणून देत होती. परगावच्या, परदेशच्या मुलांना इथे कोणी नाही या जाणिवेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. तिचीही आता दुबईत शाखा आहे, २०२४ पासून. आपल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या पदवीचे वर्ग २०२१ पासून दोह्यात भरतात. आयआयटी मद्रास झांझिबारला गेली, आयआयटी दिल्ली अबू धाबीला, पिलानीचं बिट्स तर २००० पासून दुबईत. तेव्हा 'ते आले' असा सूर लावण्यात अर्थ नाही, आपणही गेलोय. दोह्यात पुण्याची पदवी घेणाऱ्या मुलीला काविळ झाली तर खिडकीतून डबा कोण देतं, हे मला जाणून घ्यायला आवडेल. दोह्यात खिडक्या बहुधा एसीमुळे बंदच असतात.

गेल्या महिन्यात सेनापती बापट रोडवरच्या एका हॉटेलात अशाच एका शाखेचं माहिती सत्र होतं. नाव घेत नाही. दादा, भाची आणि मी. दारात लॅनयार्ड, आत गार हवा, कॉफीबरोबर दोन प्रकारची बिस्किटं. सगळे आईबाप इस्त्रीचे कपडे घालून, मुलं बर्म्युडात. पडद्यावर दगडी इमारती, मग एका काचेच्या इमारतीचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, समोर हिरवळ, हिरवळीवर कुठल्याच देशाची न वाटणारी चार मुलं. मला पोस्टर आठवलं. कान आपोआप सनईकडे लागले.

बोलणारा मुलगा हुशार होता. 'सेम डिग्री' हे शब्द त्यानं इतक्यांदा म्हटले की दादानं मोजणं सोडलं. एक वर्ष मूळ विद्यापीठात जाऊन करता येईल, अर्थात तिथली फी भरून. प्लेसमेंट, इंटर्नशिप, इंडस्ट्री. शेवटी प्रश्न. कोणीतरी मेसमध्ये जैन जेवण मिळेल का विचारलं, कोणीतरी तिकडच्या वर्क व्हिसाचं विचारलं आणि नाही म्हटल्यावर खाली बसलं. मी हात वर केला. दादानं खुर्चीखालून माझ्या चपलेवर पाय ठेवला.

"राहणार कुठे?" मी विचारलं.

त्यानं लगेच हॉस्टेलचं चित्र लावलं. ट्विन शेअरिंग, वॉशिंग मशीन, चोवीस तास सुरक्षा.

"मुलांचं नाही. शिकवणाऱ्यांचं. ते किती वर्षांसाठी येणार आहेत?"

तो क्षणभर थांबला. मग फार सरळपणे म्हणाला, "मॅडम, हायरिंग सुरू आहे. काही फॅकल्टी तिकडून फ्लाय-इन होतील, बाकी इथले. कॉन्ट्रॅक्टचं एचआरला माहीत." त्याचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट किती दिवसांचं असेल असा विचार माझ्या मनात आला. मला तो आवडला. खोटं बोलला नाही.

येताना गाडीत दादा चिडला होता. "तुला कशाला हव्यात नसत्या चौकश्या? माझ्या मुलीला नोकरी लागल्याशी काम. तिकडे पाठवायचं तर घर गहाण टाकावं लागेल, ते टाकू का?" त्याचं चुकत नाही. दोन खोल्या वाढवण्यासाठी काढलेलं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. ज्या घरात पोरीला पहिल्यांदाच एवढं शिकायला मिळतंय, त्या घरात 'वातावरण' वगैरे गोष्टी सांगणं हे पोट भरलेल्यांचं काम आहे. मी पेन्शनर आहे, मला परवडतं. पनवेलहून शनिवारी घरी येणारी मुलगी हा काही लहानसहान फायदा नाही, आणि चांगली शिकवणारी माणसं तिथे जमली तर पाच वर्षांनी मीच माझे शब्द गिळीन, आनंदानं.

गच्चीवरच्या खोलीत आता कॉट बेसिसवर दोन मुली राहतात. एक किनवटची, एक अहमदपूरची. दोघी स्पर्धा परीक्षांच्या. किनवटची परवा सांगत होती की पहिले सहा महिने तिला इथलं मराठी कळायचं नाही, रडू यायचं, मेसमधली गोड आमटी बघून तर हमखास. "काकू, आमच्यासाठी हेच फॉरेन," म्हणाली. भाची जिन्यात बसून ऐकत होती.

रात्री तिनं लॅपटॉप उघडला. त्या विद्यापीठाला मेल लिहायचा होता. मला वाटलं शिष्यवृत्तीचं विचारेल. तिनं चार ओळी लिहिल्या आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझ्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती असतील, त्यांतले किती जण माझी तीन वर्षं संपेपर्यंत तिथे असतील, आणि ते आवारात राहतील का. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यामुळे प्रश्न आगाऊ वाटत नव्हते.

"पाठवू?"

"बाबांना विचार."

दादानं चष्मा लावून दोनदा वाचलं. खिशातलं पाकीट काढलं, उलगडलं, आणि 'इकडे'च्या रकान्यात, 'शनिवारी घरी'च्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं, 'शिक्षक?' पुढची जागा रिकामी ठेवली.

मेल गेला. लगेच उत्तरही आलं. तुमच्या चौकशीबद्दल आभार, आमचा प्रतिनिधी तीन कामकाजाच्या दिवसांत संपर्क करेल. आज सहावा दिवस. वहिनी म्हणते, मध्ये शनिवार-रविवार होता.